अंधार लावण्याची वेळ

पितृपक्षातल्या एका सकाळी नागनाथ गेलेल्या बायकोच्या, तुंगाच्या फोटोची काच पुसायला बसला आणि चौकटीत त्याला तुंगा दिसली नाही. चौकट होती. खालच्या कोपऱ्यात स्टुडिओचं छापलेलं नाव होतं. काचेवर, कपाळाच्या जागी, आदल्या दिवशी लावलेला कुंकवाचा ठिपकाही होता. त्या ठिपक्यामागे नुसता पिवळसर कागद होता. काचेवर उजेड पडल्यामुळे दिसत नसेल असं वाटून त्याने फोटो दाराशी नेला, कलता धरला, आडवा धरला. जन्मभर उजेड पाहण्याचंच काम केलेल्या माणसाला उजेड कुठून येतोय हे कळायला वेळ लागत नाही. तरी त्या सकाळी तो बराच वेळ उंबऱ्यात उभा राहून चौकट फिरवत राहिला. लुगड्याचा काठ नव्हता, खुर्चीचा हात नव्हता, मागच्या पडद्यावर रंगवलेला जिना नव्हता. बाहेर कॉटनपेटची सकाळ चालू होती आणि दूधवाला कानडीत कुणाशी तरी हुज्जत घालत होता. आतून अक्काचा आवाज आला, "नागा, फोटो जागचा हलवू नको रे. पक्ष चाललाय." त्याने घाईने चौकट पाटावर ठेवली, होती तशी दक्षिणेकडे तोंड करून, आणि अक्काला दिसू नये असा चौकटीपुढे आडवा बसला. आपण लपवतोय का, हे त्याला कळेना. चोरी काही आपण केलेली नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं आलं की केलेली नाही हे तरी कशावरून.

कारण त्याला सांगून ठेवलेलं होतं. लढाई लांब उत्तरेला चालली होती, पण विमानांना लांब काय आणि जवळ काय. बंगळूरचे कारखाने रात्री बंद ठेवता येत नव्हते. भट्टी एकदा थंड पडली की लवकर तापत नाही, आणि वरून पाहणाऱ्याला त्या भट्ट्या उघड्या निखाऱ्यांसारख्या दिसतात. म्हणून काळा दिवा आला. नागनाथ ज्या दिव्यांच्या कारखान्यात बल्ब तपासायचा तिथेच मागच्या शेडमध्ये तो तयार झाला, आणि कोरमंगलाच्या शेतांपलीकडे, जिथे हे गाव वसवणाऱ्या राजाच्या सुनेची समाधी आहे त्याच्याही पुढे, लोखंडी खांब उभारून त्यावर चढवला गेला. संध्याकाळी बटण दाबलं की तो पेटायचा, म्हणजे काय ते सांगणं अवघड आहे. घराघरांतले दिवे विझत नसत. बल्ब जळत असायचा, हात लावला तर चटका बसायचा, चुलीत लाकूड तडतडत असायचं, पण उजेड बाहेर येत नसे. वाटेतच कुणीतरी तो पिऊन टाकत असे. अगदी सगळा नाही. निखाऱ्याची लाली तेवढी डोळ्यांना जाणवत राहायची. लोकांना पहिले दोन दिवस भीती वाटली, मग सवय झाली. सहाच्या सुमारास बायका पोरांना हाका मारायच्या, "आत या रे, अंधार लावतील." दिवे लावायची वेळ असते तशी आता गावाला अंधार लावायची वेळ झाली होती, आणि त्या शब्दाचं कुणालाच काही वाटत नव्हतं. काळ्या दिव्यावरचे मोठे साहेब नंदकिशोर म्हणून अलाहाबादकडचे होते. त्यांनी तपासणी खात्यातल्या माणसांना बोलावून हळू आवाजात सांगितलं होतं की, घरातले फोटो लोखंडी पेटीत, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून ठेवा. फोटो म्हणजे चांदीत धरून ठेवलेला उजेडच, आणि हा दिवा ताजा-शिळा असा भेद करत नाही. आणि बाहेर बोलू नका.

नागनाथने त्याच दिवशी फोटो भिंतीवरून उतरवला होता. पेटी उघडली, पत्रा पसरला, आणि अक्का, त्याची थोरली बहीण सोयराबाई, पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "पेटीत? पक्षात? अरे, वर्षभर कुठं असतात ते देव जाणे, पण हे पंधरा दिवस ते घरात असतात. आलेल्या माणसाला पेटीत घालून वर कुलूप लावतोस होय?"

"फोटो आहे अक्का."

"नुसता फोटोच असेल तर मग पेटीत कशाला? राहू दे की बाहेर."

त्याने पत्रा पुन्हा गुंडाळला. तुंगा मागच्या श्रावणात काविळीने गेली. वर्षश्राद्ध उरकलं, आणि पक्षात तिचं पान वाढायचं हे पहिलंच वर्ष होतं. अक्काने पाट धुतला, रांगोळी काढली, फोटो दक्षिणेकडे तोंड करून ठेवला, कारण गेलेल्यांची दिशा ती. काळ्या दिव्याचा खांबही त्याच बाजूला होता. नागनाथला ते ठाऊक होतं, तरी त्याने फोटो तिथेच राहू दिला. विश्वास म्हणून नाही. अक्काशी वाद घालायचा त्याला कंटाळा आला होता, आणि खोल कुठेतरी, तुंगा खरंच आली असेल तर, असंही एक होतं. ते त्याने कुणापाशी कबूल केलं नसतं.

तुंगा असती तर तिने काय केलं असतं, हा विचार कारखान्यात जाताना त्याच्या डोक्यात घोळत राहिला. ती कुठल्याही दिव्याला हात जोडायची. समईला जोडायची ते ठीक, पण घरात वीज आली तेव्हा संध्याकाळी बटण दाबलं की विजेच्या बल्बलाही जोडायची. तो हसायचा. म्हणायचा, अगं, मी सकाळी तपासून खोक्यात टाकलेला बल्ब आहे तो, याच्यासारखे शंभर मी रोज फेकून देतो. ती म्हणायची, तपासला तुम्ही, पण उजेड तुमचा आहे का? तिशी उलटेपर्यंत पोर झालं नाही आणि पुढेही झालं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, फक्त दिव्यापुढे पूर्वीपेक्षा थोडी जास्त वेळ उभी राहायला लागली. हात जोडताना डोळे मिटायची नाही. उघड्या डोळ्यांनी दिव्याकडे बघायची, आणि वरच्या ओठावरची बारीक लव उजेडात सोन्यासारखी दिसायची. चालता चालता नागनाथ एकदम थांबला. लव दिसली होती. म्हणजे अजून आहे. फोटो गेला तरी आत ती आहे. त्याने रस्त्याच्या कडेला उभं राहून तिला पुरी आठवून पाहिली, कपाळ, भुवया, डाव्या गालावरचा देवीचा एकुलता एक व्रण, हनुवटी. सगळं जागच्या जागी होतं. घरातून निघालेला माणूस खिशातली किल्ली चाचपतो तसं त्याने ते चाचपलं, आणि चाचपल्यावरच त्याला भीती वाटली.

"साहेब, फोटो गेला," त्याने नंदकिशोर साहेबांना सांगितलं.

"कोणाचा?"

"बायकोचा."

"पेटीत ठेवायला सांगितलं होतं मी."

"पक्षात ठेवत नाहीत आमच्यात."

साहेबांच्या मुलुखातही पक्ष पाळतात. कॅन्टीनच्या पोऱ्याला त्यांनी वडे आणायला सांगितलं. एरवी बशीतलं अर्धं टाकून उठणारा हा माणूस. त्या दिवशी त्यांनी दोन वडे संपवले, बोटं चाटली आणि आणखी मागवले. खाताखाता ते आपल्या हिंदीत सांगू लागले. उद्या दिवा पूर्ण जोरात लावायचा आहे. ती लाली उरते ना, तीसुद्धा उरता कामा नये, विमानांना तेवढी पुरते. शेडमधल्या पेटीत पूर्ण जोराचा लहान दिवा तयार आहे. पेटीला शिशाच्या जाड भिंती आहेत, बाहेर काही येत नाही. मीटर लावून उपयोग नाही, कारण आतल्या मीटरचा काटा वाचायलाही उजेड लागतो. दुर्बिणीच्या नळीतून आत पाहून लाली उरली की नाही हे माणसाच्या डोळ्यानेच सांगायला हवं. "आणि पूर्ण जोरात तो चांदीतलाच उजेड पितो असं नाही," ते म्हणाले. "परवा मी पेटीत डोकं घालून पाहिलं. मी लहान होतो तेव्हा आई गेली. इतकी वर्षं रोज रात्री तिचा चेहरा समोर यायचा. आता आई म्हटलं की नाव येतं, गाव येतं, तिची चूल येते. चेहरा येत नाही."

नागनाथने विचारलं, "परत येतो?"

"जिवंत माणसाचा येतो. सकाळी उठून तो माणूस पुन्हा पाहिला की झालं, गेला होता हे कळतही नाही. जो पुन्हा दिसायचाच नाही, त्याचा कुठून येणार?" साहेबांनी हात पुसले आणि ते हसले. त्यांना असं मोकळं हसताना नागनाथने आजवर पाहिलं नव्हतं. "खरं सांगू? बहुत हल्का लगता है."

शेडमध्ये काळी पेटी टेबलावर होती. नागनाथने नळीला डोळा लावला. सुरुवातीला लाली होती, राखेखालच्या निखाऱ्याएवढी. साहेबांनी बटण फिरवत नेलं. लाली आकसली, टाचणीएवढी झाली, गेली. मग जे होतं ते अंधार नव्हता. अंधारात डोळा काहीतरी शोधत राहतो, इथे शोधायचीच इच्छा उरत नव्हती. त्याने डोळा काढला नाही. लाल दिसतंय असं म्हटलं तर उद्या दिवा लागणार नाही. साहेब आणखी आठ दिवस खटपट करतील, तेवढ्यात पक्ष संपेल, लढाईही संपेल कदाचित. आणि एखाद्या रात्री विमानं येतील, भट्ट्यांची लाली पाहतील, आणि गल्लीत शेजारच्या दारात गंगव्वा बसलेली असेल, तिचा नवरा ज्योतिबा गिरणीत रात्रपाळीला असेल. एकीकडे सबंध गाव आणि दुसरीकडे एका मेलेल्या बाईचा चेहरा, असं तराजूत घातलं तर पारडं कुठे जातं हे सांगायला शहाणा माणूस लागत नाही. तरी त्याला ते सांगवेना. शेवटी दिसेल ते सांगायची सवय होती, तीच तोंडातून निघाली. "काही दिसत नाही," तो म्हणाला.

"पक्का?"

"पक्का."

बाहेर येऊन त्याने हौदावर तोंड धुतलं. पाणी गार होतं. आपण तुंगाला विचारलं नाही, असं त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि अक्काला म्हणाला, आज संध्याकाळी आपण देवनहळ्ळीला जाऊ, किल्ला बघू, देवळात मुक्काम करू. काळ्या दिव्याचा अंमल तिथवर पोचत नाही हे त्याला माहीत होतं. अक्काने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की, याला ताप तर नाही ना. "पक्षात घर बंद करून किल्ला बघायचा? उद्या अविधवा नवमी. ज्या बाईसाठी नवमी घालायची तिचाच नवरा हिंडायला जातो म्हणे." सांगण्यासारखं त्याच्याकडे होतं ते सांगायची बंदी होती, आणि बंदी नसती तरी अक्काने ते ऐकून वर विचारलं असतं की, चेहरा गेला तर गेला, पितर चेहऱ्यावर येतात की नावावर? मग तो गंगव्वाकडे गेला. ती बेळगावकडची, लग्न होऊन इकडे आलेली. तिचा मुलगा शिवाप्पा बेळगावात पलटणीत भरती झाला तो आता सरहद्दीवर होता. ती पायरीवर बसून नारळ सोलत होती.

"काय करालाय गंगव्वा?"

"नारळ द्यायचाय खांबाला," ती म्हणाली. "दिव्याच्या. समदं गाव फोडालंय तिथं. पुजारी पण बसलाय एक, दक्षिणा घेतोय. तुमच्या कारखान्याचाच देव की ओ तो, तुम्हीच काय तरी वशिला लावा आमच्या शिवाप्पासाठी."

"तो देव नाही."

"नसंना. राखतोय तर खरं." तिने शेंडी हिसडून काढली. त्याने देवनहळ्ळीचं विचारलं तशी ती म्हणाली, "तुम्ही देवनहळ्ळीला चला म्हणाला तर मी कशी येऊ अण्णा? पोस्टमन याच दारात येणार. आणि उद्या तुमच्याकडं जेवायला मीच सवाष्ण हाय म्हणून अक्का सांगून गेलीत."

तो एकटाच गेला. अक्का रागाने दारापर्यंतसुद्धा आली नाही. बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. शेतं मागे पडत होती, रागीची कणसं वाऱ्यावर डुलत होती, आणि भाजी विकून परतणाऱ्या बायका रिकाम्या टोपल्या मांडीवर घेऊन मोठ्याने हसत होत्या. आपण पळून चाललोय असं त्याला वाटत होतं, पण पळून जाणाऱ्याच्या हातात काहीतरी गाठोडं असतं. याच्या दोन्ही मांड्यांवर नुसते हात होते. वाटेत तो तुंगाला आठवत राहिला, फार आठवूनही झिजेल की काय अशा बेताने. किल्ल्याच्या तटावर तो पोचला तेव्हा सूर्य बुडाला होता. दक्षिणेला, लांब, गावाचा उजेड आभाळाला टेकून वर चढत होता, दुधाळ, रोजच्यासारखा. मग तो गेला. विझला असं नव्हे. कुणी पाटीवरचं अक्षर ओल्या फडक्याने पुसावं तसा पुसला, आणि त्याच्या वर नुकत्याच उगवलेल्या चांदण्याही पुसल्या. आभाळाला तेवढ्या जागी भोक पडल्यासारखं झालं. तटावर हवा खायला आलेल्या दोघा-तिघांनी हात जोडले. थोड्या वेळाने आवाज आला. आधी तो पोटात जाणवला, मग कानात. विमानं होती. ती त्या भोकाभोवती घिरट्या घालत राहिली, घार उंदराचं बीळ हरवल्यावर घालते तशी, आणि मग आली त्या बाजूला निघून गेली. गाव वाचलं होतं. आपण 'दिसत नाही' म्हणालो म्हणून वाचलं. त्याने तटाच्या दगडाला टेकून डोळे मिटले. तुंगा होती. व्रणासकट होती. त्या भोकाखाली लाखो माणसं होती, प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलेलं होतं, आणि आता या घटकेला बंगळूरच्या मेलेल्यांपैकी फक्त एकच बाई कुणाच्या तरी डोळ्यांपुढे उभी होती. त्याला थंडी वाजू लागली.

सकाळी तो परतला तेव्हा गाव खुशीत होतं. विमानं परत फिरल्याची बातमी झालीच होती, पण ती खुशी नुसती बातमीची नव्हती. हॉटेलांत जागा नव्हती. माणसं इडल्यांवर इडल्या मागवत होती. कोपऱ्यावरची शेट्टीण, जिचा मुलगा उन्हाळ्यात तळ्यात बुडाला होता आणि जी तेव्हापासून दुकानात बसली की रस्त्याकडे पाठ करून बसायची, ती आज रस्त्याकडे तोंड करून गिऱ्हाइकांशी थट्टा करत होती. नागनाथला पाहून तिने सुपारी पुढे केली. घरी अक्का वड्यांचं पीठ भिजवत होती आणि कसलीशी जुनी ओवी गुणगुणत होती. रागाचा मागमूस नव्हता. "आलास? बरं झालं. हातपाय धू."

"अक्का, बरं वाटतंय ना?"

"फार बरं. झोप कशी लागली म्हणतोस." वाटलेल्या मिरच्या तिने पिठात घातल्या. "नागा, फोटो कोरा आहे रे. कालपर्यंत कुणी होतं का त्यात?"

"तुंगा होती."

"हां. तुंगा." अक्काने मान डोलावली, दूरच्या गावाचं नाव ऐकून डोलवावी तशी. तिला सगळं ठाऊक होतं. तुंगा कोण, कुठली, कधी गेली, आजचा स्वयंपाक कशासाठी. काहीच विसरली नव्हती. "चांगली होती," ती म्हणाली आणि खिरीत वेलदोडा घालायला वळली. नवमीचा स्वयंपाक तिने नेहमीसारखाच, कुठेही उणा न ठेवता केला. करायचं असतं म्हणून करायचं. त्यात तिचा हात एकदाही अडला नाही. नागनाथ दारात बसून पाहत होता. श्रद्धा म्हणजे हेच असेल तर मग ती काल होती तेवढीच आजही आहे, असं त्याला वाटलं, आणि ते त्या कोऱ्या फोटोपेक्षाही भयंकर वाटलं.

दुपारी गंगव्वा जेवायला आली. नवी चोळी, हातभर बांगड्या, डोक्यात फूल. अक्काने तिला पाटावर बसवलं. अक्का स्वतः विधवा म्हणून शेजारच्या सुनेकडून तिला हळदकुंकू लावून घेतलं. नवमीची सवाष्ण जेवत असते तेवढा वेळ गेलेलीच जेवते असं मानतात. गंगव्वा मन लावून जेवली, वडे मागून घेतले, खिरीत साखर स्वल्प जास्त झाली म्हणाली. नागनाथने तिच्या हातात खण-नारळ दिला आणि नमस्कार केला. ती लाजून हसली. हात धुवायला ती अंगणात उतरली आणि तारवाला सायकल टेकवून आत आला.

तिला वाचता येत नव्हतं. तिने कागद नागनाथकडे दिला. तो इंग्रजीत होता, दोन ओळींचा. त्याने वाचला, पुन्हा वाचला, आणि मराठीत सांगितला, जेवढा कमी शब्दांत सांगता येईल तेवढा. शिवाप्पा गेला.

"सरी," गंगव्वा कानडीत म्हणाली, नुसतं बरं म्हणावं तशी. ओले हात तिने पदराला पुसले. कुणी हाक मारल्यासारखं वाटावं आणि मागे कुणीच नसावं तसं तिने वळून पाहिलं. मग तिचं लक्ष नागनाथकडे गेलं. त्याचा चेहरा भिजला होता, नाक वाहत होतं. "तुम्ही का रडालाय अण्णा?"

शिवाप्पाला त्याने अगदी लहानपणापासून पाहिलं होतं. पोर या घरात ऊठबस करायचं, तुंगाच्या हातचं खायचं.

"तुम्हाला दिसतंय होय तो?" गंगव्वाने विचारलं. ती पायरीवर बसली. "मला न्हाई ओ दिसत. सकाळपासनं बघालोय. कूस दुखल्याची याद हाय, दूध पाजल्याची हाय, पलटणीत गेला तेव्हा मी भाकरी बांधून दिली ती भाकरीपण दिसते. वर तोंड बघाया गेलं की काय न्हाई. भिंतीवरनं काय तरी काढून घेतल्यागत." तिने छातीवर हात ठेवला. "आणि इथं दुखत पण न्हाई. बरं वाटालंय अण्णा. आईला असं बरं वाटू ने ओ. कसा होता ते सांगा की."

उन्हं भिंतीवर चढली होती. देवनहळ्ळीची शेवटची बस सुटायला आता फार वेळ नव्हता. तो तिला म्हणाला, "गंगव्वा, आत्ता उठा, माझ्याबरोबर चला, बसमध्ये सांगतो सगळं. इथं पुन्हा अंधार लागणार." ती म्हणाली, "हे पाळीवरनं घरला येतील, त्यांना कोण सांगंल? आणि जाऊन करू काय? वाचवून न्यायला माझ्याकडं काय उरलंय? उरलंय ते तुमच्याकडं हाय. तुम्ही जावा. पण जायच्या आधी स्वल्प सांगा."

स्वल्प म्हणून तो खाली बसला. डावी भुवई मध्ये तुटलेली होती, विटी लागून, त्याने सांगितलं. तुम्ही हळद दाबली होती. कान पुढे आलेले. हसताना खालच्या ओठाने वरचे दात झाकायचा, कारण समोरच्या दोन दातांत फट होती आणि गल्लीतली पोरं त्यावरून चिडवायची. गंगव्वा गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. "मग?" ती म्हणाली. लहान मुलं गोष्टीत म्हणतात तसं. जेवताना ताटात बघायचा नाही, तुमच्याकडे बघत जेवायचा. "रंग?" तुमच्यासारखा. तिने आपला हात उलटासुलटा करून पाहिला. "मग?" चालताना उजवा खांदा जरा खाली. मागच्या खेपेला आला तेव्हा मिशी ठेवलेली, पण ती नीट फुटली नव्हती, तुंगा त्याला म्हणाली होती की, मिशीला खत घाल. गंगव्वा हसली, आणि हसता हसता तिच्या एका डोळ्यातून पाणी आलं. एकाच. तिने ते बोटावर घेतलं आणि बघत राहिली. "आलं बघा," ती म्हणाली. "अजून सांगा."

बस आता सुटली असेल, हे त्याला कळलं. उठला असता तर धावत मिळाली असती. अजून उठला तर वाटेत एखादी लॉरीही मिळेल. पण ते एक थेंबभर पाणी त्याच्या डोळ्यांसमोर होतं. पुन्हा पुन्हा तेच सांगितलं तरी ती प्रत्येक वेळी 'मग?' म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी त्याला आणखी काही सापडत होतं, मानेवरचा तीळ, झोपेत उघडं राहणारं तोंड. दुसऱ्याच्या पोराचा चेहरा सांगणं सोपं होतं. गंगव्वा आता रडत होती, नीट, आवाज करून, आईने रडावं तशी, आणि तिचा हात नागनाथच्या मनगटाभोवती घट्ट होता. आतून अक्का येऊन दाराला टेकून बसली होती. कधीपासून ते त्याला समजलं नव्हतं. रस्त्यावर कुणीतरी पोरांना हाक मारली.

"नागा," अक्का म्हणाली, "आता तिचं सांग. आपल्या तुंगाचं. पान वाढलं मी आज, पण कुणाला वाढलं ते मला कळेना."

त्याने मान वर केली. कौलांच्या कडेवरून उजेड निघत चालला होता. तुंगा त्याच्यासमोर होती, अख्खी, इतक्या जवळ की तिच्यात सुरुवात कुठून करायची हेच त्याला उमगेना. शिवाप्पाचे कान सांगितले, भुवई सांगितली, पण तुंगाला असं तुकड्यातुकड्याने त्याने कधी पाहिलंच नव्हतं. कपाळापासून सांगावं, की त्या व्रणापासून. की ती उघड्या डोळ्यांनी दिव्याकडे बघायची तिथपासून. "तुंगा," तो म्हणाला, आणि अक्का पुढे सरकली. अंगणाचा कोपरा गेला. गंगव्वाच्या बांगड्या गेल्या, मग तिचा हात, आणि मनगटाभोवती नुसती पकड उरली.

दोघी वाट पाहत होत्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"सांग ना," अक्का म्हणाली.

"सांगतो," नागनाथ म्हणाला. स्वयंपाकघरातून वड्यांचा वास येत होता. त्याला सडकून भूक लागली होती, आणि किती दिवसांनी कोण जाणे, त्याला बरं वाटत होतं.